पुश (कादंबरी)

पुश : अमेरिकन कवयित्री सफायर (मूळ नाव रमोना लॉफ्टन, जन्म १९५०) यांची पहिली कादंबरी. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कथानक १९८७ पासूनचे, न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात घडणारे.

नायिका प्रेशस जोन्स सोळा वर्षांची. बापाच्या अत्याचारातून तिला बाराव्या वर्षी डाउन सिंड्रोम असलेली मुलगी झाली आणि त्याच्यापासूनच आता पुन्हा दिवस गेले आहेत. आईही तिला मारते, राबवते, तिचे लैंगिक शोषण करते. इतकी वर्षे शाळेत जाऊन तिला वाचता येत नाही, हे कोणाच्या लक्षात आलेले नाही. गरोदरपण मात्र लगेच लक्षात येते आणि शाळा तिला घरी पाठवते.

पुढे ती हॉटेल थेरेसाच्या इमारतीत भरणाऱ्या पर्यायी शाळेत जाते. तिथल्या ब्लू रेन बाई रोज वहीत काहीतरी लिहायला लावतात. मुलीची आठवण येते एवढेच सांगायला प्रेशस तुटक अक्षरे उमटवते. बाई त्याच पानावर तिचे वाक्य नीट लिहून देतात आणि विचारतात, ही कोण? तिच्या लिहिण्याला कोणीतरी पहिल्यांदाच उत्तर दिलेले असते. कादंबरीचा प्राण या वहीतल्या बोलण्यात आहे. सफायर यांनी स्वतः हार्लेम व ब्राँक्समध्ये वाचन शिकवले होते. त्या अनुभवाशिवाय हे पान असे उतरले नसते.

निवेदन प्रेशसच्याच बोलीत आहे, चुकीच्या स्पेलिंगांसकट. पुढे ती समुपदेशक बाईंकडची स्वतःची फाइल पळवून वाचते. तिने पुढे शिकण्याऐवजी आजारी-वृद्धांच्या घरी सेवेचे काम धरावे, असा त्यात सूर असतो. आपल्याविषयी सरकारदरबारी काय लिहिले जाते, हे तिला आता कळू शकते आणि त्याचा रागही येऊ शकतो. शिक्षणाने आलेली ताकद दाखवणारा याहून नेमका प्रसंग कादंबरीत नाही.

शिक्षणाने सगळे सुरळीत होते, असा दिलासा मात्र सफायर देत नाहीत. बापाकडून प्रेशसला एचआयव्हीची लागण झालेली असते. एकाच मुलीवर इतकी दुःखे लादली, हा काही समीक्षकांचा आक्षेप. प्रेशसच्या जिवंत, तिखट आवाजापुढे तो फारसा टिकत नाही.

ली डॅनियल्स यांनी २००९ मध्ये यावर ‘प्रेशस’ हा चित्रपट केला. आईच्या भूमिकेसाठी मोनीक यांना आणि पटकथेसाठी जेफ्री फ्लेचर यांना ऑस्कर मिळाले. २०११ मधील ‘द किड’ ही पुढची कादंबरी प्रेशसचा मुलगा अब्दुल याची आहे.