एमएसएन-एमपीएच : एका जुन्या फारकतीची गोष्ट

जॉन्स हॉपकिन्स, येल, एमरी अशा अमेरिकी विद्यापीठांनी नर्सना नर्सिंग (एमएसएन) आणि सार्वजनिक आरोग्य (एमपीएच) या दोन्ही विषयांतलं पदव्युत्तर शिक्षण जोडीने घेण्याची सोय केली. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र असे काही विषय दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वेळ आणि फी वाचते. माहितीपत्रक वाचताना हा नवाच मिलाफ वाटतो. प्रत्यक्षात हे एकच काम होतं आणि मध्यंतरी त्याची फारकत झाली होती.

१८९३ चा मार्च, न्यूयॉर्कचा लोअर ईस्ट साइड. लिलियन वॉल्ड ही तरुण नर्स परदेशातून आलेल्या गरीब बायकांना घरगुती शुश्रूषा शिकवत होती. त्या दिवशीचा धडा होता रुग्णाचं अंथरूण कसं घालायचं याचा. तेवढ्यात एक लहान मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आईसाठी बोलवायला आली. भुरभुर पावसातून, चिखलातून त्या पोरीच्या मागे वॉल्ड घरी पोचली. दोन खोल्यांत सात माणसं, वर पोटभाडेकरू, आणि दोन दिवसांपूर्वीच्या रक्तस्रावाने मळलेल्या बिछान्यावर बाळंतीण. तोवर वॉल्ड डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात जात होती. त्यानंतर तिने ते सोडून दिलं आणि त्याच वस्तीत राहायला गेली. त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही वस्तीत राहून घरोघरी शुश्रूषा करणारी संस्था उभी राहिली. ‘पब्लिक हेल्थ नर्स’ हा शब्द वॉल्डचाच.

या नर्स काळी बॅग घेऊन चाळीचाळीतून फिरत. प्रत्येक इमारतीचे जिने उतरा, पुन्हा चढा, यापेक्षा गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर जाणं सोपं, म्हणून तसंच जात. जखम धुणं, ताप बघणं, दूध कसं ठेवायचं ते सांगणं, शेजारी कोण खोकतंय याची चौकशी करणं, सगळं एकाच फेरीत. यातलं उपचार कुठलं आणि सार्वजनिक आरोग्य कुठलं, हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं. आपल्याकडे उपकेंद्राच्या नर्सबाईंसोबत एक दिवस फिरलेल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मग शिक्षणाचा प्रश्न आला. हॉपकिन्समध्ये १९१६ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा स्थापन झाली. पब्लिक हेल्थ नर्सला काय शिकवावं हे ठरवायला त्याच फाउंडेशनने समिती नेमली. अध्यक्ष होते येलचे विन्स्लो, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मोठं नाव. १९२३ च्या त्यांच्या अहवालाला लेखिकेच्या नावावरून गोल्डमार्क अहवाल म्हणतात. रुग्णालयांनी विद्यार्थिनींना फुकटचे हात म्हणून राबवू नये, नर्सिंगचं शिक्षण विद्यापीठात जावं, हा त्याचा रोख. त्याच वर्षी येलचं नर्सिंग स्कूल निघालं आणि पहिल्या डीन झाल्या अ‍ॅनी गुडरिच, ज्यांनी आधी हेन्री स्ट्रीटच्या नर्सांचं काम सांभाळलं होतं. दोन्ही धागे अजून एकाच हातात होते.

फारकत झाली ती पैशाच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीने गावोगाव रुग्णालयं बांधली गेली, विमा रुग्णालयातल्या बिलाला मिळू लागला, बाळंतपणं घरातून वॉर्डात गेली. मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी १९०९ पासून पॉलिसीधारकांच्या घरी नर्स पाठवत असे; १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ती सेवा गुंडाळली. वॉल्ड जिची पहिली अध्यक्ष होती ती पब्लिक हेल्थ नर्सांची राष्ट्रीय संघटनाही १९५२ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. नर्स रुग्णालयात आणि आकडेवारी आरोग्य खात्यात, अशी वाटणी झाली.

आणि गंमत अशी की ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे स्वतः तपासणी आणि उपचार करणारी नर्स, रुग्णालयातून आलेली नाही. लोरेटा फोर्ड कोलोरॅडोतली पब्लिक हेल्थ नर्स. ग्रामीण भागात लहान मुलांना डॉक्टर मिळत नाही हे ती रोज बघत होती. १९६५ मध्ये तिने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञासोबत कोलोरॅडो विद्यापीठात पहिला कार्यक्रम सुरू केला. नर्सने मूल तपासायचं, वाढ बघायची, साधे आजार स्वतः हाताळायचे. ‘ही डॉक्टरची नक्कल झाली’ अशी ओरड खुद्द नर्सिंगच्या प्राध्यापकांतूनच जास्त झाली. पुढे प्रमाणपत्राची जागा पदव्युत्तर पदवीने घेतली. १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, नर्स प्रॅक्टिशनरला कुठेही काम केलं तरी थेट मोबदला मिळू लागला, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. माझ्या मते त्या टक्क्यांनीच अभ्यासक्रमाचा तोल तपासणी आणि औषधयोजनेकडे झुकवला. वस्तीचा विचार करायला दुसरी पदवी लागू लागली, ती याच वाटेवर.

अलीकडे नर्सिंगच्या बाजूला पदव्युत्तरऐवजी डॉक्टरेट हवी, असा आग्रह वाढलाय. अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये तशी भूमिका घेतली. त्यामुळे एमपीएचची जोडी आता डीएनपीशी, म्हणजे नर्सिंगच्या या डॉक्टरेटशीही लावली जाते.

भारतात मात्र ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव उलट्या टोकाला गेलं. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात आखलेला दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ पदव्युत्तर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. लोरेटा फोर्ड गावात जे काम करत होती, त्याच्या जवळ जाणारं काम इथे आयुष्मान भारतच्या उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आलं, आणि त्यासाठी ठरलं ते सहा महिन्यांचं प्रमाणपत्र.