निळा दुवा, भलतंच पान

गेमच्या विकीवर, म्हणजे खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेल्या माहितीकोशावर, लाल दुवा दिसला की नवखा संपादक तो पुसून मोकळा होतो. लाल म्हणजे बिघाड, असा समज. खरं तर लाल दुवा प्रामाणिक असतो: या नावाचं पान अजून कुणी लिहिलेलं नाही, एवढंच तो सांगतो. घात करतो तो निळा दुवा; दिसायला ठणठणीत, पण नेतो भलतीकडेच.

याचं मूळ मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. विकिपीडियाही त्याच्यावरच चालतो. तुम्ही [[क्रीपर]] (माइनक्राफ्ट या गेममधला एक प्राणी) असं दुहेरी चौकटी कंसात लिहून पान जतन केलंत की डेटाबेसच्या एका तक्त्यात नोंद पडते: अमुक पानावरून 'क्रीपर' या शीर्षकाकडे दुवा. हाच तक्ता उलटीकडून वाचला की 'येथे काय जोडले आहे' ही यादी तयार. दुव्याचा रंग ठरवताना फक्त एक गोष्ट पाहिली जाते, त्या शीर्षकाचं पान आहे की नाही. पानात काय लिहिलंय याच्याशी सॉफ्टवेअरला देणंघेणं नाही.

आता माइनक्राफ्ट घ्या. २०२० साली १.१६ आवृत्तीत 'झोम्बी पिगमॅन'चं नाव 'झोम्बिफाइड पिग्लिन' झालं. असं पान नव्या नावावर हलवलं की जुन्या नावावर पुनर्निर्देशन, म्हणजे नव्या पानाकडे आपोआप नेणारी पाटी, उरतं आणि जुने दुवे बिनबोभाट चालतात. ते शोधून शोधून बदलत बसायची गरज नाही. फक्त साखळी होऊ देऊ नका: क वरून ख, ख वरून ग असं झालं, तर मूळ मांडणीत सॉफ्टवेअर एकच उडी मारतं आणि वाचक ख वर अडकतो. नाव बदलल्यावर 'दुहेरी पुनर्निर्देशने' हे विशेष पान बघायचं ते यासाठी.

'ग्रास'चं प्रकरण अवघड. डिसेंबर २०२३ मध्ये, १.२०.३ आवृत्तीत, त्या रोपट्याचं नाव 'शॉर्ट ग्रास' झालं. आता मोकळं झालेलं 'ग्रास' हे शीर्षक रोपटं आणि 'ग्रास ब्लॉक' यांच्यात निवड करायला सांगणाऱ्या निःसंदिग्धीकरण पानाला दिलं, तर? जुने सगळे दुवे निळेच राहतात आणि वाचक येऊन पडतो चौकात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'येथे काय जोडले आहे' ही यादी काढा, दुवे नेमक्या पानांकडे वळवा, मगच शीर्षकाचा वापर बदला. पानांच्या तळाशी मार्गदर्शक साचा (अनेक पानांवर दिसणारी दुव्यांची सामाईक चौकट) असेल तर आधी त्यातला दुवा सुधारा, नाहीतर यादीत ती सगळी पानं गर्दी करतात. साचा सुधारला तरी यादी लगेच हलत नाही. ते काम मागच्या रांगेत पडतं. घाई असेल तर तो साचा असलेलं पान संपादनासाठी उघडून काही न बदलता जतन करा.

मराठीतली गोची वेगळीच. [[क्रीपर]]ला लिहिलं की 'ला'सुद्धा दुव्यात ओढला जातो, तशी सोय मराठीसाठी केलेली आहे. पण सामान्यरूपापुढे ती लटकी पडते. तिथे उभी रेघ लागतेच: [[सांगाडा|सांगाड्याला]].

दुवे जितके जास्त तितकं पान गुगलवर वर, या समजुतीने 'दगड', 'पाणी', 'रात्र' प्रत्येक वेळी जोडणं म्हणजे दुकानाला लिंबू-मिरची टांगणं. विभागात पहिल्यांदा नाव आलं की एकदा जोडा, पुरे.

सगळ्यात लबाड विभागाचा दुवा. [[क्रीपर#वर्तन]] मध्ये # च्या पुढचं काही तपासलं जात नाही. कुणी 'वर्तन' हा मथळा बदलून 'वागणूक' केला की दुवा निळाच, वाचक मात्र पानाच्या डोक्यावर. ज्या मथळ्याकडे बाहेरून दुवे येतात, त्याच्याखाली 'हा मथळा बदलू नका' अशी लपवलेली टीप टाकून ठेवा.