सरकारांचं वेळापत्रक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अभ्यासात चालढकल केली की आजीचं एकच पालुपद असे : "महाराजांनी बाराव्या वर्षी धुळाक्षरं गिरवली, तुला काय धाड भरलीय?" बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दिनक्रमाची माझी पहिली ओळख ही अशी, धाकातून झाली.

आजी फार वाढवून सांगत नव्हती. एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून भाऊबंदांतली मुलं बडोद्याला आणली. "कशाला आलात?" या प्रश्नावर गोपाळरावाने "राज्य करायला" असं उत्तर दिलं, ही गोष्ट बडोद्यात कुणीही सांगेल, शब्द ज्याचे त्याचे. शेतकऱ्याच्या घरचं पोर, अक्षरओळख नाही, पण उत्तर चोख. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

पण राज्य करायच्या आधी वाट्याला आलं ते वेळापत्रक. दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक एफ. ए. एच. इलियट यांनी मुलाचा दिवस घड्याळाला बांधून टाकला. सकाळी व्यायाम आणि घोडेस्वारी, मग दिवसभर शाळा. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम. १८८१ मध्ये, अधिकार हाती यायला काही महिने उरले असताना, माधवरावांनी कारभारावर व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' म्हणून छापली गेली. त्यातला 'मायनर' म्हणजे किरकोळ नव्हे, अज्ञान वयाचा राजा. २८ डिसेंबर १८८१ ला राज्याची सूत्रं मिळाली तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

शाळा सुटली, घड्याळ मात्र सुटलं नाही. कागद स्वतः वाचायचे, शेरे स्वतः मारायचे, खात्यांची झाडाझडती स्वतः घ्यायची. काही वर्षांतच झोप उडाली. निद्रानाशाने प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टरांच्या सल्ल्याने १८८७ मध्ये पहिली युरोपवारी करावी लागली. पुढे या परदेशवाऱ्यांवरून महाराजांवर टीकाही पुष्कळ झाली. आमच्याकडे थोरांच्या दिनचर्येचं कौतुक फार. तिने माणसाचं काय होतं हे सांगायला कुणी बसत नाही.

मला स्वतःला या दिनक्रमातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वाचून दाखवण्याचा. १८८९ मध्ये रत्नागिरीकडचा एक तरुण पदवीधर 'रीडर' म्हणून नोकरीला लागला : गोविंद सखाराम सरदेसाई. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि राजपुत्रांना शिकवायचं, असं दुहेरी काम. हुद्दा ऐकायला साधा, पण ऐकणारा राजा मध्येच अडवून शंका विचारणार म्हटल्यावर आधी तयारी करून जाणं आलंच. या वाचनातून आणि शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून 'रियासत' या त्यांच्या इतिहासग्रंथमालेचा पाया पडला. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आली, पाठोपाठ १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग. सरदेसाई 'रियासतकार' झाले ते बडोद्याची चाकरी करता करता.

वाचनाची दुसरी वाट प्रजेकडे गेली. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात सक्तीचं झालं. अमरेली भागात तो प्रयोग १८९३ पासूनच चालू होता. पण शाळा सोडल्यावर मुलं वाचणार काय? १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयं उभी केली. महाराजांच्या खासगी संग्रहातली पुस्तकंही त्यात गेली. खेड्यांसाठी फिरती वाचनालयं निघाली, म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या.

आजीचं माहेर बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचं. पेटी आली की गुरुजी ओट्यावर कंदील ठेवून मोठ्याने वाचायचे, असं ती सांगे. पुस्तकाचं नाव तिला कधी आठवलं नाही. पण वाचता वाचता गुरुजींना डुलकी लागली की तिचे वडील खाकरत, ते मात्र ती हुबेहूब खाकरून दाखवायची.