खर्ज हवा असेल तर आधी टिप बदला

“३० हजार मोजले, आणि बेस कुठंय?” महागडे इन-इअर इअरफोन घेतलेल्यांची ही तक्रार नेहमीची. त्यावर सल्लाही ठरलेला: शंभर तास वाजू दे, मग खुलतील. एवढ्या तासांत बदलते ती बहुतेक ऐकणाऱ्याची सवय. दोष पुष्कळदा टोकावरच्या रबरी टिपमध्ये असतो, आणि तो पाच मिनिटांत सापडतो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार, हे शाळेत शिकलेलं आठवा. ५० हर्ट्झच्या सुराची हवेतली तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते, आणि कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिथे ही लाट मावतच नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे इअरफोनमधल्या चिमुकल्या स्पीकरचा, पडदा पुढे आला की नळीत कोंडलेली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते, आणि कानाचा पडदा त्याबरोबर हलतो. कोंडलेली हवा अगदी थोडी, म्हणून केसभर हालचालही पुरते. १० मिलिमीटरचा ड्रायव्हर डग्ग्याचा ‘घे’ पेलतो, तो यामुळेच.

पण हवा खरोखर कोंडलेली हवी. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट सैल धरा आणि दांडा सावकाश दाबा: हवा निसटते, दाब तयारच होत नाही. झटक्यात दाबा, मग बोटाला जाणवतो, कारण फटीतून निघायला हवेला वेळ मिळत नाही. टिपशेजारची फट हेच करते. सावकाश होणारे बदल, म्हणजे खर्ज, गळून जातो. वरचे सूर शाबूत राहतात. आवाज पातळ आणि बोचरा लागतो, नि आपण कंपनीला दोष देतो.

वरच्या सुरांची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. उघडा कान म्हणजे एका बाजूने बंद नळी. तिच्यात ३००० हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो आणि कानाच्या पडद्यापाशी तिथला आवाज सुमारे १० डेसिबलने वाढतो. मेंदूला लहानपणापासून त्याचीच सवय. इअरफोन घातला की नळी दोन्ही बाजूंनी बंद होते, हा अनुनाद नाहीसा होतो, आणि पाव तरंगलांबीऐवजी अर्ध्या तरंगलांबीचा नवा अनुनाद वर उगवतो. टिपपासून कानाचा पडदा २ सेंटिमीटरवर असेल, तर साधारण ८५०० हर्ट्झला. हरवलेली वाढ अभियंत्याला ड्रायव्हरमधून परत द्यावी लागते. नवा उंचवटा मात्र टिप किती आत गेली यावर सरकतो. म्हणून एकाच इअरफोनमध्ये गायिकेचा ‘स’ तुम्हाला टोचतो आणि मित्राला नाही. दोघंही बरोबरच.

सुखावहपणा आणि आवाज यांना वेगवेगळे गुण देणं त्यामुळे मला पटत नाही. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, थोडा दाब सोसणारा. आतला हाडाचा, त्यावर त्वचा अगदी पातळ. टिप तिथवर गेली की दुखतं. दुखलं की माणूस नकळत इअरफोन बाहेर ओढतो, फट पडते आणि खर्ज जातो. जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो. तेव्हा इअरफोनवर तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि काहीतरी चावून पाहा. चावताना खालचा सूर येत-जात असेल, तर टिपचा आकार चुकला आहे. दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागली तरी बिनधास्त लावा. सिलिकॉनची धरत नसेल, तर फोमची कानात फुगून बसते.

किमतीचं म्हणाल, तर ध्वनी-संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. वारंवारतेनुसार आवाज कसा चढतो-उतरतो, याचा किमतीशी संबंध आढळला नाही. चांदीच्या वायरीसाठी पैसे मोजण्याआधी हे लक्षात असू द्या. आणि दुकानात दोन संच ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. एखाददुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा संच कानाला हमखास ‘जास्त चांगला’ वाटतो.