जंगलातले चौदा लांडगे

माझा भाचा नाशिकला आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करतो. प्रोजेक्ट म्हणून त्यानं व्हिडिओ गेम बनवायला घेतलाय. एक मुलगी जंगल ओलांडून नदीपलीकडच्या गावाला निघाली आहे आणि वाटेत लांडगे आहेत. गेल्या रविवारी गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत तो स्वतःचाच गेम तपासत बसला होता. डावा हात कीबोर्डवर, उजव्या हातात मोबाइल. लांडगा यायचा, बोट तीनदा आपटायचं, लांडगा पडायचा. जंगलात अशा चौदा लढाया होत्या. जंगल संपल्यावर मी विचारलं, "यातली कुठली लक्षात राहिली?"

"सगळ्या सारख्याच आहेत, मामा."

गेम बनवणारे अशा लढायांना 'फिलर' म्हणतात. आपल्याकडे 'भरताड' हा नेमका शब्द आहे.

या भरताडाची सुरुवात अडचणीतून झाली. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा गेम आला, तो अवघ्या ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खुपसायच्या गेमच्या डबीत. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत राज्य, गुहा, राक्षस सगळं बसवायचं होतं. मग चार पावलं चाललं की अचानक शत्रू समोर यायचा. त्याला हरवलं की अनुभवाचे गुण मिळायचे आणि गुण साठले की ताकद वाढायची. मूठभर सामग्रीत लांबलचक प्रवास उभा राहायचा. ही काटकसर मला आजही सुंदर वाटते. खटकतं ते एवढंच, की जागेची चणचण संपल्यावरही कित्येक गेम तीच युक्ती तास वाढवायला वापरतात, रश्श्यात पाणी घालावं तशी.

खेळणाऱ्याचं लक्ष का उडतं, याचा एक धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडतो. माकडाला अचानक रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामीन पेशी, म्हणजे डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशी, जोरात पेटायच्या. नंतर रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकड ते शिकलं, तसा पेशींचा प्रतिसाद खुणेकडे सरकला आणि प्रत्यक्ष रस आला तरी त्या पूर्वीसारख्या पेटेनात. ठरलेला रस आलाच नाही, तर उलट मंदावायच्या. म्हणजे या पेशी बक्षिसापेक्षा बक्षीस आणि अंदाज यांतल्या फरकाची नोंद ठेवत होत्या. माकडाच्या रसावरून माणसाच्या खेळापर्यंत थेट उडी मारता येत नाही, पण दिशा कळते. पाचव्या लांडग्यापर्यंत अंदाज आणि घटना तंतोतंत जुळतात, मग शिकण्यासारखं काही उरत नाही. शिवाय तीच हालचाल वारंवार केली की मेंदू ती सवयीच्या खात्यात टाकतो. नाशिकरोडहून रोज सातपूरला कामाला जाणाऱ्याला द्वारकेचा चौक कधी मागे पडला ते आठवत नाही, तसंच हे.

म्हणून लढाया मोजण्यापेक्षा प्रत्येक लढाई खेळणाऱ्याला काय ठरवायला लावते, हे बघावं असं माझं मत आहे. तोच लांडगा मोकळ्या माळावर असेल तर पळता येतं. अरुंद पुलावर असेल तर मागे फिरायचं की भिडायचं, हे ठरवावं लागतं. शेजारी पिल्लू असेल तर मारायचं की नाही, हाच प्रश्न पडतो. चित्र एकच, लढाया तीन.

सोप्या लढाईलाही काम असतं. नवी तलवार मिळाल्यावर कालचा भारी शत्रू एका घावात पडला की आपण वाढलो हे हाताला कळतं. पण ते एकदा पुरे. 'मदर २' या १९९४ च्या गेमनं तर फारच दुबळा शत्रू समोर आला की लढाई न खेळवताच विजय देऊन टाकला. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कलोसस'मध्ये किरकोळ शत्रूच नाहीत. १६ महाकाय प्राणी, आणि त्यांच्यामध्ये घोड्यावरून ओलांडायचा ओसाड प्रदेश. २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'मधला प्रोग्राम खेळाडूवर किती ताण आलाय याचा अंदाज घेत राहतो आणि तो शिगेला पोचला की झोंबींचे लोंढे थोडा वेळ थांबवतो. शांतताही कुणीतरी आखलेली असते.

हे भाच्याला मी सांगत होतो, पण पटलं ते दिंडोरीला, त्याच्या वडिलांच्या द्राक्षबागेत. दाजींकडे थिनिंग, म्हणजे घडातल्या मण्यांची विरळणी, चालू होतं. मणी ज्वारीएवढे झाले होते. बाया घड हातात धरून बारीक कात्रीनं मधलेमधले मणी काढत होत्या, खाली हिरवा सडा पडला होता. चांगले मणी कशाला टाकता, असं भाच्यानं लहानपणी विचारलं होतं म्हणे. दाजींनी तेच उत्तर पुन्हा दिलं, "सगळे ठेवले तर एकालाही साइज येत नाही."

आता जंगलात पाच लढाया आहेत. शेवटची पुलावर. तिच्याआधीच्या लांब वाटेवर त्यानं एकही लांडगा ठेवलेला नाही, नुसते चिखलातले ठसे आहेत, पुलाच्या दिशेनं जाणारे. काल मी खेळलो. ठसे दिसले आणि मी मुलीला धावायची थांबवून हळूहळू चालवायला लागलो.