एक दाणा काढला तर रास मोडते का?

सोलापुरात नवी पेठेत वॉशिंग मशीन बघायला गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फझी लॉजिक हाय, मशीन स्वतः विचार करतंय." विचार कसला डोंबलाचा! कपडे ‘थोडे’ की ‘बरेच’ हे ते हो-नाहीत न मोजता पायऱ्यापायऱ्यांनी मोजतं, इतकंच. पण या ‘थोडे-बरेच’मागचा पेच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, मिलेटसचा ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीस याच्या नावावर आहे. सोलापूरकराला तो ज्वारीवर समजतो.

किलोभर मालदांडी फरशीवर ओता. दाणे 30 हजार धरू. ही रास. एक दाणा उचलला तरी रासच राहते, हेही कबूल. मग हाच नियम 29,999 वेळा लावा. उरलेला एकटा दाणाही रास ठरतो!

चूक कुठं? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं 1923 मध्ये दोष भाषेवर टाकला: धूसरपणा शब्दांत असतो, जगात नाही. पोलिश तर्कज्ञ लुकासिएविचनं 1920 मध्येच खरं-खोटं यांच्यामध्ये तिसरं मूल्य बसवलं होतं. 1965 मध्ये फझी लॉजिकचे जनक लोत्फी झादे यांनी 0 ते 1 मधल्या सगळ्या पायऱ्या मोकळ्या केल्या. इथंच खरी गंमत आहे. 30 हजार दाणे ‘रास’ असण्याचं सत्यमूल्य 1, 15 हजारांचं अर्धं, असं धरा. मग ‘एक काढला तरी रासच’ हा नियमही पुरता खरा राहत नाही. त्याचं मूल्य 1 वजा एक तीस-हजारांश. बारीक भोक पडलेली घागरच ही. एका खेपेत थेंब गेलेला कळत नाही, पण 29,999 खेपांनंतर तळाशी एक तीस-हजारांशच उरतो. तर्काचा नियम शाबूत राहतो, निष्कर्ष मात्र गळून जातो.

‘फझी लॉजिक जैनांच्या स्याद्वादात आधीच होतं’ असे मेसेज फिरतात. स्याद्वाद सांगतो की प्रत्येक विधान कुठल्या तरी दृष्टिकोनातून केलेलं असतं. ते वेगळं आणि खोल आहे, त्याला कपडे धुवायला लावू नका.

पण पूर्ण 1 वरून मूल्य नेमकं कितव्या दाण्याला घसरू लागतं? म्हणजे टोकदार रेघ परत आलीच. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन 1994 च्या पुस्तकात म्हणतो, रेघ आहेच, ठरावीक दाण्यावरच आहे, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. मला हे पटत नाही, आणि खोडताही येत नाही.

परवा आई ज्वारी निवडत होती. मी शेजारी बसून एकेक दाणा बाजूला काढू लागलो. चारशेच्या आसपास तिनं सूप ओढून घेतलं.