हे कुणाच्या घराण्यातून आलं?

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, झाल्याचं कळलं की कुजबुज सुरू होते: हे कुणाच्या घराण्यातून आलं? आईच्या की वडिलांच्या? या प्रश्नाने माणसं आतून खचतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता त्याच्या कितीतरी पट वाढते, पण निम्म्याच्या पुढे जात नाही. जनुकं जवळपास तीच असूनही! शिवाय आजाराला जबाबदार असं एकच जनुक नाही. 2022च्या एका प्रचंड अभ्यासात जनुकसंचातल्या 287 जागांचा त्याच्याशी संबंध आढळला आणि बहुतेक जागांचा वाटा अगदी बारीक होता. सी-4 या जनुकाचं काम मला फार बोलकं वाटतं. वाढत्या वयात मेंदू चेतापेशींमधले अनावश्यक जोड छाटतो आणि त्या छाटणीत सी-4चं प्रथिन भाग घेतं. ते जास्त बनलं तर छाटणीही गरजेपेक्षा जास्त होत असावी. आजार बहुधा ऐन तारुण्यातच का दिसू लागतो, याचा एक धागा इथे सापडतो.

जनुकांच्या जोडीला ताणही असतो आणि त्याची गोष्ट गर्भातच सुरू होते. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. तिच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. जन्मानंतरची मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड यांनीही धोका वाढतो. सततच्या भीतीने कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची घडी विस्कटते आणि मेंदूतली डोपामाइन या संदेशवाहक रसायनाची यंत्रणा साध्या प्रसंगालाही जोरात प्रतिसाद देऊ लागते, असं मानलं जातं.

एकेकाळी मानसोपचारात सगळा दोष आईच्या वागण्यावर टाकला जाई. किती आयांनी ते ओझं वाहिलं असेल! फिनलंडमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासातून वेगळंच चित्र दिसलं. जन्मदात्या आईला हा आजार असलेली जी मुलं बिघडलेल्या वातावरणाच्या घरात वाढली, त्यांच्यापैकी सुमारे 37 टक्क्यांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा विकार झाला. तसाच वारसा असलेल्या, पण निरोगी वातावरणात वाढलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण जेमतेम 6 टक्के होतं. आणि असा वारसा नसलेल्या मुलांत, घर कसंही असो, ते 5 टक्क्यांच्या आसपासच राहिलं.